सकाळची साखर जास्त का येते, हे घरी कसं शोधायचं

"रात्री अर्धीच भाकरी खाल्ली, तरी उपाशीपोटी १७० कशी?" असं म्हणत आई रात्रीचं जेवण टाळायला लागली. इन्सुलिन घेणाऱ्यांसाठी हे धोक्याचं आहे. रात्रभर पोट रिकामं असताना रक्तात येणारी साखर मुख्यतः यकृतातून येते.

झोपेत वाढीचं संप्रेरक आणि पहाटे कॉर्टिसॉल वाढतं. त्यांच्यामुळे यकृत जास्त साखर सोडतं आणि इन्सुलिनचा जोर कमी पडतो. मधुमेह नसेल तर स्वादुपिंड थोडं जास्त इन्सुलिन सोडून हे सांभाळून घेतं. मधुमेहात ते जमत नाही, शिवाय यकृताला 'साखर सोड' सांगणारं ग्लुकागॉनही हवं तेवढं आवरलं जात नाही.

तुमच्याकडे नेमकं काय होतंय, हे एका सकाळच्या आकड्यावरून कळणार नाही. दोन-तीन रात्री तीनदा मोजा: झोपताना, पहाटे तीनला गजर लावून, आणि उठल्यावर चहाच्या आधी. हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करा. बोटाला चिकूचा गर राहिला असेल तरी मीटर भलताच आकडा दाखवतो. सुई बोटाच्या कडेला टोचा, मध्यभागी जास्त दुखतं.

झोपतानाच २२० असेल तर आधी उशिराचं जेवण आणि नंतरची बिस्किटं बघा. झोपताना १३०, तीनला १२५ आणि सकाळी १७०, तर ते पहाटेच्या संप्रेरकांचं काम. आईचं हेच निघालं. डॉक्टरांनी तिचं रात्रभर काम करणारं इन्सुलिन, जे ती रात्रीच्या जेवणाआधी घ्यायची, ते झोपताना घ्यायला सांगितलं.

तीनला ७० च्या खाली आली तर मात्र सकाळची वाट बघू नका. घाम, थरथर, धडधड ही ॲड्रेनॅलिनची लक्षणं. ग्लुकागॉनसोबत तेही साखर वर आणायला धडपडत असतं. पण इन्सुलिन टोचलेलं असेल तर या दोघांवर विसंबता येत नाही. तीन चमचे साखर पाण्यात ढवळून लगेच द्या, १५ मिनिटांनी पुन्हा मोजा, अजून कमीच असेल तर पुन्हा द्या. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका, थेट दवाखाना गाठा. त्या रात्री साखर वर आली, तरी दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांना कळवा, कारण रात्रीचा डोस जास्त होत असण्याची शक्यता असते.

आकडे वेळेसकट लिहून, शेजारी रात्री काय आणि किती वाजता जेवलात तेही टिपून तो कागद डॉक्टरांना दाखवा. इन्सुलिनचं एक युनिटही आपल्या मनाने कमी-जास्त करू नका.