पेंटबॉल मार्करला टाकी लावली की गॅस सुटतो: माझा अनुभव

न्यू जर्सीत स्वस्तात .68 कॅलिबरचा (म्हणजे .68 इंच व्यासाच्या गोळ्यांचा) सेकंडहँड मार्कर, म्हणजे रंगाच्या गोळ्या मारायची पेंटबॉलची बंदूक, घेतला. सीओटूची (कार्बन डायऑक्साइड गॅसची) टाकी बसवली की जोडापाशी फुस्स! आवळून पाहिली, टेफ्लॉन टेप गुंडाळली, फरक शून्य. जीव मेटाकुटीला आला.

दोष टाकीच्या तोंडावरच्या ओ-रिंगचा, म्हणजे जोड गॅसबंद करणाऱ्या गोल रिंगचा. साधी काळी रबरी रिंग सीओटू शोषते, फुगते. माझ्या रिंगवर तर बारीक फोड होते.

मास्क घातला. हॉपर (गोळ्यांचा डबा) काढला, आत गोळी नाही हे पाहिलं. टाकी थोडी सैल केली, सुरक्षित दिशेला ट्रिगर दाबून उरलेला गॅस काढला, मगच टाकी पूर्ण उतरवली. जुनी रिंग लाकडी टूथपिकने काढली (धातूने खाच ओरखडते), खाच पुसली. 015 मापाची, 90 ड्युरोमीटर कडकपणाची युरेथेन (चिवट प्लास्टिकसारख्या पदार्थाची) रिंग बसवली, मार्करच्या तेलाचा थेंब दिला, टाकी हातानेच आवळली. गळती बंद. पुढे हाय-प्रेशर एअरची (सीओटूऐवजी दाबाखालच्या हवेची) टाकी घेतलीत, तरी हीच रिंग चालते.