रंग आणणारे इंजेक्शन: घेण्याआधी काय तपासावे

बेळगाव, खानापूर, निपाणी या भागात लग्नाच्या मुलीच्या अंगावर कोडाचा डाग दिसला की आजही घरच्यांचे धाबे दणाणते. अशा वेळी मोबाइलवर ‘मेलानोटान’ नावाच्या इंजेक्शनाची किंवा नाकात मारायच्या फवाऱ्याची जाहिरात दिसली, तर पैसे पाठवण्यापूर्वी ते शरीरात काय करते हे नीट समजून घ्यावे.

त्वचेला रंग देणारे मेलॅनिन रंगपेशी तयार करतात. अल्फा-एमएसएच हे १३ अमिनो आम्लांचे संप्रेरक या पेशींवरील एमसी१आर या ग्राहीला (संदेश घेणाऱ्या जागेला) जाऊन चिकटले, की पेशीत सायक्लिक एएमपी हा निरोप पुढे नेणारा रेणू वाढतो, टायरोसिनेज हे मेलॅनिन बनवणारे विकर अधिक तयार होते आणि गडद मेलॅनिन साठू लागते. नैसर्गिक संप्रेरक रक्तात लवकर नष्ट होते. मेलानोटान हे त्याचेच कृत्रिम प्रतिरूप; त्याच्या रचनेत बदल केलेले असल्यामुळे ते अधिक काळ टिकते आणि ग्राहीला अधिक घट्ट धरून राहते.

हा संदेश ऐकायला रंगपेशी मात्र हव्यात. कोडाच्या डागात त्याच नष्ट झालेल्या असतात, त्यामुळे नुसत्या इंजेक्शनाने भोवतालची निरोगी त्वचा काळवंडते आणि डाग उलट अधिक उठून दिसतो. म्हणून प्रथम डागातील केस पाहावेत. ते काळे असतील तर केसांच्या मुळाशी रंगपेशी शिल्लक असण्याची शक्यता असते; पांढरे झाले असतील तर रंग परतणे अवघड जाते.

मग औषधाचे नाव अक्षरन् अक्षर वाचावे. अफामेलानोटाइड या अशाच प्रकारच्या, त्वचेखाली बसवायच्या १६ मिलिग्रॅमच्या औषधाला युरोपात २०१४ मध्ये आणि अमेरिकेत २०१९ मध्ये मान्यता मिळाली, पण ती उन्हाने असह्य वेदना होणाऱ्या एका दुर्मीळ पोर्फिरिया आजारासाठी. ऑनलाइन विकले जाणारे मेलानोटान-२ हे वेगळे रसायन असून त्याला औषध म्हणून मान्यता नाही. त्याने मळमळ होते, चेहरा लाल होतो, पुरुषांत दीर्घकाळ वेदनादायक उत्तेजन राहू शकते आणि तीळ गडद होतात. बदललेल्या तिळांमुळे त्वचेचा कर्करोग ओळखणेही कठीण होते, आणि मला सर्वांत गंभीर वाटते ते हेच.

कोणी ते आधीच घेतले असेल, तर थांबवून बाटली वेष्टनासह त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावी आणि अंगावरचे सर्व तीळ तपासून घ्यावेत. बेळगावात बिम्स व केएलई या दोन्ही रुग्णालयांत त्वचारोग विभाग आहे. तेथे ३११ नॅनोमीटरच्या अतिनील किरणांच्या उपचाराविषयी विचारावे. तो बहुधा आठवड्यातून दोन-तीनदा आणि कित्येक महिने घ्यावा लागतो, चेहऱ्यावर चांगला लागू पडतो, बोटांच्या टोकांवर कमी.