पोरांना रेणू दाखवायचेत? आधी पाणी, मग कापूर, मग पेन्सिल

तिसरी-चौथीच्या पोरांना रेणू काय डोंबल कळणार असं लोक म्हणतात, पण हाताने फिरवायला दिला की कळतो, व्याख्या पाठ करायला लावली तर नाही कळत. मोलव्ह्यू नावाची वेबसाइट आहे, फुकट, ब्राउझरमध्येच चालते. डावीकडे रेणू काढायची जागा, उजवीकडे थ्रीडी, आणि वर सर्चमध्ये इंग्रजीत नाव टाकायचं. स्पेलिंग तुम्हीच टाका, नाहीतर सगळा वेळ तिथेच जातो.

पहिलं पाणी. स्क्रीन दाखवायच्या आधी वहीत काढायला सांगा, एक ऑक्सिजन आणि दोन हायड्रोजन, बरीच पोरं तिन्ही गोळे एका रेषेत काढतात. मग वॉटर टाका आणि फिरवू दे त्यांना, वाकडा निघतो की! जेमोल मेनूत कोन मोजायची सोय आहे, हायड्रोजन-ऑक्सिजन-हायड्रोजन असं ओळीने क्लिक केलं की १०४ अंशांच्या आसपास आकडा येतो (खरा १०४.५). लगेच कार्बन डायऑक्साइड उघडा, तो मात्र सरळसोट. का, असं विचारणारच, तर पाण्यातल्या ऑक्सिजनकडे न जोडलेले जास्तीचे इलेक्ट्रॉन आहेत, ते जागा अडवतात, एवढं बास. ऑर्बिटल-बिर्बिटल नको.

आता महत्त्वाचं. स्क्रीनवर ऑक्सिजन लाल दिसतो, तो खरंच लाल असतो असं पोरांच्या डोक्यात पक्कं बसतं, म्हणून रंग माणसांनी ठरवलेत हे तिथल्या तिथे सांगा, आणि मॉडेल मेनूतून बॉल अँड स्टिक (गोळे आणि त्यांना जोडणाऱ्या काड्या) बदलून व्हॅन डर वाल्स स्फिअर्स (नुसते एकमेकांत घुसलेले मोठे गोळे) करा. काड्या गायब! कुठे गेल्या ते त्यांनाच विचारा, मस्त भांडतात.

कापूर हातात देऊन मग कॅम्फर टाका. दहा कार्बनचा जवळजवळ गोल रेणू, शेजाऱ्याला धड धरून बसत नाही, म्हणून उघडा ठेवलेला कापूर न वितळताच उडून जातो.

पेन्सिलसाठी ग्राफाइट, मॉडेल मेनूतून २×२×२ सुपरसेल (स्फटिकाचा तोच तुकडा तिन्ही दिशांना दोनदा मांडलेला) लोड करा आणि आडवं फिरवा, थर दिसतात. थरातले शेजारी अणू ०.१४२ नॅनोमीटरवर, पण दोन थरांमध्ये ०.३३५, म्हणून थर घसरतात आणि कागदावर उमटतात. लगेच हिरा दाखवा, तोच कार्बन!

स्वतः जोडायचं असेल तर कोलोरॅडो विद्यापीठाच्या फेट (PhET) या वेबसाइटवर बिल्ड अ मॉलिक्यूल आहे, लहानांना तेच जमतं. अव्होगाड्रो हे रेणू काढायचं सॉफ्टवेअर चांगलं आहे पण इन्स्टॉल करावं लागतं, आठवी-नववीला बघा.