मागच्या चाकातली घूं-घूं कशी सापडली (माझा अनुभव)

इकडे बर्मिंगहॅमला १९९१ ची माझदा एमएक्स-५ घेतलीय, जीव आहे माझा त्या गाडीत. मध्यंतरी मागून घूं-घूं सुरू झालं, ताशी ४० मैलांच्या वर गेलं की वाढायचं, आणि खड्ड्यात वेगळंच टक्क टक्क. आधी डिकी रिकामी केली, कारण या गाडीत स्टेपनी आणि बॅटरी दोन्ही तिथेच असतात, पण फरक शून्य.

गॅरेजवाला म्हणाला डिफरन्शियल (इंजिनाची ताकद मागच्या दोन चाकांना वाटून देणारा गिअरचा भाग) गेलं. मला पटेना, कारण अ‍ॅक्सिलरेटर दाबला काय सोडला काय, आवाज तोच; डिफरन्शियलचा असता तर बदलला असता. मग मोकळ्या रस्त्यावर हळूहळू नागमोडी चालवून बघितली, तर डावीकडे वळताना घूं-घूं वाढली आणि उजवीकडे जवळपास गप्प. डावीकडे वळलं की वजन उजव्या चाकांवर येतं, म्हणजे संशय उजव्या मागच्या बेअरिंगवर (चाक ज्यावर फिरतं ती छऱ्यांची कडी). गाडी स्टँडवर घेतली, एका हाताने चाक फिरवलं, दुसरा हात स्प्रिंगवर ठेवला, तर जात्यात वाळू दळावी तशी खरखर बोटांना लागली! डावीकडे काहीच नाही.

हबचा (चाक ज्यावर बसतं त्या मधल्या भागाचा) नट २९ मिमीचा, फार घट्ट असतो, चाक जमिनीवर असतानाच सैल करून घ्या. बेअरिंग प्रेसवरच (दाबून बसवायच्या यंत्रावर) बसवून घेतलं, हातोड्याने ठोकू नका प्लीज, नवंकोरं बेअरिंग बसवतानाच खराब होतं.

टक्क टक्क मात्र अँटी-रोल बारच्या (वळणावर गाडी फार कलू नये म्हणून असलेल्या दांडीच्या) लिंकची होती, रबर फाटून जॉइंट सैल झालेला, हाताने हलवला तरी वाजायचा. दोन्ही बाजूंच्या लिंक बदलल्या. आता छत उघडून चालवली की फक्त एक्झॉस्टच ऐकू येतो.