ओल्या कचऱ्याची दुर्गंधी आणि वायू घरातच कसे रोखावेत

कचऱ्याच्या डब्याचा किंवा खताच्या टोपलीचा वास आधी नीट ओळखा, कारण उपाय त्यावरच ठरतो. सडक्या अंड्यांसारखा वास म्हणजे हायड्रोजन सल्फाइड. कचऱ्यात पाणी साचलंय आणि हवा पोचत नाहीये. नाकाला झोंबणारा वास म्हणजे अमोनिया. मासे, मांस, डाळी असं नत्रयुक्त (नायट्रोजन असलेलं) खरकटं जास्त झालंय.

सर्वांत आधी पाणी काढा. भाज्यांची सालं, चहाचा चोथा, उरलेला भात हे सगळं सिंकमधल्या जाळीत निथळू द्या, मगच डब्यात टाका. डब्याच्या तळाशी वर्तमानपत्राची जाड घडी ठेवा. ओला कचरा प्लास्टिकच्या पिशवीत गच्च बांधून ठेवण्याची सवय मात्र सोडायलाच हवी. हवा बंद झाली की सडणं सुरू होतं. माशांचे काटे, कोळंबीची सालं कागदात गुंडाळून वेगळ्या छोट्या डब्यात भरा आणि घंटागाडी येईपर्यंत फ्रीझरमध्ये ठेवा.

खत करत असाल तर ओल्या कचऱ्याच्या प्रत्येक थरावर तेवढाच किंवा त्याहून जास्त वाळका पाला, लाकडाचा भुसा किंवा नारळाच्या शेंड्यांचा चुरा पसरा. एक भाग नत्राला साधारण 25 ते 30 भाग कर्ब (कार्बन, जो वाळक्या पाल्यात भरपूर असतो) हे प्रमाण जमलं की अमोनिया उडून जात नाही. दर तीन-चार दिवसांनी खालीवर करा. मूठभर खत दाबल्यावर पाणी गळलं तर आणखी पाला घाला.

एवढा खटाटोप फक्त वासासाठी नाही. हवेविना कुजणाऱ्या कचऱ्यातून मिथेनही निघतो आणि त्याला वासच नसतो. शंभर वर्षांचा हिशेब धरला तर तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 28 पट उष्णता धरून ठेवतो. शिवाय तो पेट घेतो, म्हणून कचऱ्याच्या डोंगरांना लागलेल्या आगी लवकर विझत नाहीत. मुंबईत देवनारच्या कचराभूमीला जानेवारी 2016 मध्ये लागलेल्या आगीचा धूर उपग्रहाच्या छायाचित्रांतही दिसला होता. आपला ओला कचरा घरातच जिरला तर तेवढा अशा कचराभूमीत कमी जातो.

डबा आठवड्यातून एकदा साबणाने धुऊन कडक उन्हात वाळवा. फिनाइल ओतून वास फक्त झाकला जातो. ब्लीच आणि संडास साफ करायचं ॲसिड कधीही एकत्र करू नका, त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. सुका कचरा अंगणात जाळणं तर नकोच. पीव्हीसीसारखं प्लास्टिक जळताना डायऑक्सिन ही विषारी रसायनं तयार होतात.

सोसायटीच्या बंद खतटाकीतून सडक्या अंड्यांचा वास येत असेल तर आत वाकून पाहू नका. हायड्रोजन सल्फाइडचं प्रमाण वाढलं की नाक बधिर होतं आणि वास येईनासा होतो, पण वायू तिथेच असतो. टाकीत स्वतः उतरू नका, सफाई कामगारालाही उतरवू नका. हे काम यंत्रानेच करून घ्या.