ट्रिप झालेली मोटर लगेच चालू करू नका: उन्हाळ्यातील पंपांसाठी सल्ला

ऊन वाढू लागलं की पिकाची पाण्याची भूक वाढते, आणि नेमक्या त्याच दिवसांत मोटरी जळतात. मोटर वर काढून, वाइंडिंग भरून परत सोडेपर्यंत चार-आठ दिवस सहज जातात. पीक फुलात असेल तर तेवढ्यात फूलगळ होऊन जाते, मग कितीही पाणी दिलं तरी गेलेलं फूल परत येत नाही. अशी शेतं मी पाहिली आहेत. चौकशी केली की बहुतेक ठिकाणी एकच गोष्ट निघते: मोटर ट्रिप झाली म्हणजे आपोआप बंद पडली, रिसेट दाबलं, चालू केली, परत ट्रिप, परत चालू. दहा मिनिटांत पाच-सहा वेळा.

चालू होताना मोटर नेमप्लेटवरच्या अँपिअरच्या साधारण ५ ते ७ पट करंट ओढते. उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, म्हणजे सहापट करंटला छत्तीसपट उष्णता. त्यात रोटर, म्हणजे मोटरचा आतला फिरणारा भाग, जागेवरून हलेपर्यंत त्याच्यापर्यंत पोचलेली सगळी शक्ती नुसती उष्णता होते. मिनिटाला १५०० फेऱ्यांच्या मोटरने १४४० फेऱ्यांचा वेग धरला की रोटरमध्ये उष्णतेत जाणारा वाटा ४ टक्क्यांवर येतो. म्हणून रोटरला खरा मार चालू होतानाच बसतो.

या रोटरला तारेचं वाइंडिंग नसतं. ॲल्युमिनियमचे किंवा तांब्याचे बार आणि दोन्ही टोकांना रिंग, एवढंच. बार झपाट्याने तापून लांबतात, भोवतीचं लोखंड मागे राहतं, आणि ओढ येते ती बार जिथे रिंगला जोडलेला असतो तिथे. तिथेच बारीक चीर पडते. तुटलेल्या बारचा करंट शेजारच्या बारवर जातो, मग तो तापतो, मग तो तुटतो.

जास्त करंट गेला की मोटर बंद करणारा स्टार्टरमधला रिले काही मिनिटांत थंड होतो, रोटर होत नाही. त्याची उष्णता हवेच्या बारीक फटीतून किंवा शाफ्टमधूनच हळूहळू बाहेर पडते. रिसेट बसलं याचा अर्थ मोटर निवली असा नाही. सर्वसाधारण मोटरसाठी नेमा या अमेरिकी संस्थेच्या मानकातला नियम आहे: थंड मोटर लागोपाठ दोनदा चालू करावी, चालून तापलेली असेल तर एकदाच. त्यानंतर मी तासभर थांबायला सांगतो. हा माझा ठोकताळा आहे. बॉडीला हात लावून अंदाज बांधण्यापेक्षा तो बरा, कारण बॉडी गार लागली तरी आतला रोटर तापलेलाच असतो. आणि सारखी ट्रिप होते म्हणून रिलेचा आकडा वाढवून ठेवू नका. तो वाढवला की राखणदारालाच झोपवलं.

व्होल्टेज कमी असेल तेव्हा तर बटणाला हातच लावू नका. मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गाने घटतो: ८० टक्के व्होल्टेजला ६४ टक्के जोर, ७० टक्क्यांना जेमतेम निम्मा. स्टार-डेल्टा स्टार्टरच्या पहिल्या, स्टार जोडणीत त्याचाही तिसरा हिस्सा. मोटर नुसती घुमते, उचलत नाही, आणि ती सगळी आग रोटरमध्ये साठते. वीज आली की आपोआप चालू करणारा ऑटो स्विच याच कारणासाठी मला खटकतो. लावायचाच असेल तर व्होल्टेज स्थिर होईपर्यंत थांबणारा आणि कमी व्होल्टेजला अडवणारा लावा.

तिन्ही फेजचं, म्हणजे विजेच्या तीन तारांचं, व्होल्टेज सारखं नसेल तर न थांबता चालणारी मोटरही तापते. ४१४, ४०० आणि ३८६ व्होल्ट आले, तर सरासरी ४००, सर्वांत मोठा फरक १४, म्हणजे ३.५ टक्के. एवढ्याने तापमानवाढ सुमारे २५ टक्क्यांनी जास्त होते. फरक ५ टक्क्यांपुढे असेल तर मोटर चालवूच नये. फेज गेला तर उरलेल्या दोन तारांत करंट सुमारे पावणेदोनपट होतो. तिथे फेज गेला की मोटर बंद करणारा फेज रिले हवाच.

पाण्याची पाळी सुरू होण्याआधी:
- नेमप्लेटचे अँपिअर स्टार्टरच्या दारावर लिहिणे
- तिन्ही फेजचे अँपिअर टाँग टेस्टरने (तारेभोवती चिमटा लावून करंट मोजणारं साधन) मोजून वहीत नोंदवणे
- स्टार्टरचे कॉन्टॅक्ट, केबलचे जोड, अर्थिंग तपासणे
- मेन बंद करून, केबल सोडवून मेगर चाचणी (वाइंडिंगचं इन्सुलेशन तपासणारी). ५ मेगाओमच्या खाली असेल तर मोटर वायरमनला दाखवणे
- पंख्याची जाळी, बेअरिंग, फुटव्हॉल्व्हची गाळणी साफ
- पाण्यातली मोटर उघडी पडत नाही ना, तिच्या अंगावरून पाणी वाहतं ना, हे पाहणे

बार तुटल्याची खूण पंप भारावर असतानाच दिसते. अँपिअरचा काटा एका लयीत मागे-पुढे डोलतो, आवाज चढतो-उतरतो, मोटर वेग धरायला नेहमीपेक्षा जास्त वेळ घेते. मला तर डिलिव्हरीच्या पाइपवर हात ठेवला की ती धडधड आधी जाणवते. पण पंपात हवा धरली तरी तसंच होतं, म्हणून काटा पाहिल्याशिवाय निदान करू नका.

अशा वेळी विक्रेता मोठ्या एचपीची मोटर सुचवतो, नाहीतर वीज वाचवणारा डबा गळ्यात मारतो. तुटलेला बार डब्याने जुळत नाही. मोठी मोटर त्याच कमी व्होल्टेजवर आणखी करंट ओढते. त्या पैशात टाँग टेस्टर आणि चांगला फेज रिले घ्या.

वाइंडिंग जळलं की दुकानात फक्त वाइंडिंग भरतात आणि तोच चिरलेला रोटर परत बसवतात. काही दिवसांत नवं वाइंडिंगही जातं. म्हणून मोटर खाली सोडण्याआधी मेकॅनिककडून तुमच्या समोर एक चाचणी करून घ्या. नेहमीच्या सुमारे पाव व्होल्टेज मोटरच्या तीनपैकी फक्त दोन टोकांना द्यायचं, शाफ्ट हाताने सावकाश एक पूर्ण फेरा फिरवायचा आणि अँपिअर पाहायचे. करंट ३ टक्क्यांहून जास्त वरखाली झाला, तर रोटर बदलल्याशिवाय मोटर घेऊ नका.