गच्चीवर टर्फ टाकताना जॉइंट कसा मारायचा (आणि ड्रिल घरीच का ठेवायचं)

ऑफिसची गच्ची असो नाहीतर हॉटेलचं डेक, टर्फ (म्हणजे प्लास्टिकचं नकली गवत) टाकायचं म्हटलं की कोणीतरी हमखास सांगतं, "काय नाय, रोल सोडायचा, कडेने खिळे मारायचे, झालं." या माणसाला कामावर येऊ देऊ नका. जमिनीवर खिळे ठीक आहेत, खाली माती असते. गच्चीवर खाली वॉटरप्रूफिंग असतं आणि त्याच्याही खाली कोणाचं तरी ऑफिस. एक खिळा आत गेला की पाणी शिरतं, शिवाय ते गळतं भलतीकडेच, मग भोक शोधायला सगळं टर्फ उचला.

मापं, साफसफाई तुम्ही करालच. स्लॅब किती वजन घेईल ते इंजिनियरला विचारा आणि आगीच्या टेस्टचा रिपोर्ट सप्लायरकडून ऑर्डर देण्याआधी घ्या, कमर्शियल जागेत तो कधीतरी मागितला जातोच.

पाण्याचं बघा. ड्रेन बंद करून गच्ची २४ ते ४८ तास भरून ठेवा, खाली ओल आली तर आधी गळती काढा. मग ड्रेन उघडा आणि पाणी कुठे साचून राहतंय ते बघा, तिथला स्लोप दुरुस्त करा. टर्फने डबकं जात नाही, फक्त दिसेनासं होतं आणि वास मारतं. उतार साधारण १०० ला १ तरी हवा. वॉटरप्रूफिंगवर जिओटेक्स्टाइल (पाणी झिरपू देणारं कापड), त्यावर ड्रेनेज सेल (खालून पाणी वाहू देणाऱ्या प्लास्टिकच्या जाळीदार प्लेटा), त्यावर टर्फ. प्रत्येक ड्रेनवर टर्फचा चौकोन सुटा ठेवा, हाताने उचलून जाळी साफ करता आली पाहिजे.

रोल उघडून दोन-तीन तास उन्हात पडू द्या. सगळ्या तुकड्यांची लव, म्हणजे पात्यांचा कल, एकाच दिशेला, माणसं जिथून बघणार त्या बाजूला झुकलेली. एक तुकडा उलटा टाकलात तर तो दुसऱ्याच रंगाचा वाटेल.

आता जॉइंट. माझे पहिले दोन-तीन जॉब इथेच बोंबलले.

रोलच्या दोन्ही कडांना बिनगवताची पट्टी असते ती कापायची, आणि तिच्यासोबत टाक्यांच्या (ज्यांनी पाती शिवलेली असतात) दोन-तीन रांगाही. लोक इथे जीव तोडून काटकसर करतात. करू नका, कडेचे टाके फॅक्टरीतूनच वेडेवाकडे आलेले असतात. कापायचं नेहमी उलट्या बाजूने, टाक्यांच्या दोन रांगांमधल्या खाचेत ब्लेड चालवत. वरून गवतातून कापलंत तर निम्मी पाती छाटली जातात आणि जॉइंटवर टक्कल पडतं. ब्लेड सारखं बदला, बोथट ब्लेड बॅकिंग, म्हणजे टर्फची पाठ, कापत नाही, फाडतं.

मग दोन्ही कडा शेजारी ठेवून बघा. या तुकड्याच्या शेवटच्या टाक्यापासून त्या तुकड्याच्या पहिल्या टाक्यापर्यंतचं अंतर हे टर्फमधल्या इतर दोन रांगांइतकंच हवं. जास्त झालं तर रेघ दिसते, कमी झालं तर उंचवटा येतो. डोळ्याच्या अंदाजाने नाही, मोजपट्टी लावून, दर हातभर अंतरावर.

आणि हे भर दुपारी करू नका. मी केलं होतं. टर्फ तापून पसरलेलं, कडा एकदम मस्त जुळल्या, मी खूश. दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो तर ते आकसलेलं आणि फटीत करंगळी जात होती. त्या वेळी मी सप्लायरच्या नावाने बोंब मारली, चूक माझीच होती. तेव्हापासून जॉइंट ऊन उतरल्यावर, किंवा सकाळी दव पूर्ण वाळल्यावर. पूर्ण म्हणजे पूर्ण, कारण ओल्या टेपवर पॉलियुरेथेनचा गम फेसाळतो आणि पकड जाते.

मापं जुळली की दोन्ही कडा पुस्तकाच्या पानांसारख्या मागे दुमडा. मधोमध ३० सेंटीमीटर रुंदीची जॉइंट टेप, टेपखाली प्लास्टिक, म्हणजे गम झिरपून वॉटरप्रूफिंगला लागत नाही. दातेरी थापीने गम पसरा, आधी एक कड खाली सोडा, मग दुसरी थोडी थोडी करत, एका हाताने पाती बाजूला सारत. गमात अडकलेलं पातं ताबडतोब ओढून काढा, वाळल्यावर ते काटा होतं. वरून वाळूच्या पिशव्या ओळीने ठेवा आणि २४ तास कोणाला पाय ठेवू देऊ नका, मालकालाही नाही, तो तर हमखास फोटो काढायला येतो.

कडा: वारा सर्वात जोरात कोपऱ्यातून आणि कडेवरून टर्फ उचलतो, त्यामुळे तिथे हयगय नको. एकतर पूर्ण परिमितीला जड पेव्हरची (फरसबंदीच्या ब्लॉकची) चौकट, नाहीतर गम. पण सॉल्व्हंटवाला गम वॉटरप्रूफिंगचे काही थर (मेम्ब्रेन) खातो, म्हणून आधी कोपऱ्यात तळहाताएवढ्या जागेवर लावून दोन दिवस बघा. लाकडी डेकवर स्टेनलेसचे स्क्रू चालतात, फक्त खाली पाणी जाऊ देणारा अंडरले (मधला थर) घाला, नाहीतर फळ्यांच्या फटी वरून रेघांसारख्या दिसतात.

पात्यांमध्ये भरायची वाळू अगदी बेताची, झाडून आत बसेल इतकीच. जास्तीची पावसात थेट ड्रेनमध्ये जाते. शेवटी लवीच्या उलट ब्रश मारा.

हां, एक राहिलंच, हे खरं तर ऑर्डर देण्याआधीचं. आजूबाजूला काचेच्या खिडक्या असतील तर दिवसभरात दोन-तीनदा गच्चीवर जाऊन बघा, काचेवरून परतलेल्या उन्हाचा पट्टा स्लॅबवर कुठे पडतो. त्या पट्ट्यात टर्फची पाती वितळून चिकटू शकतात, आणि पट्टा ऋतूप्रमाणे सरकतो, म्हणून खडूची खूण थोडी ऐसपैसच करा. तेवढ्या भागात टर्फ नको, टाइल्स बसवा.